झडपा, औद्योगिक नळमार्गांतील : विकास व निवड

झडपा, औद्योगिक नळमार्गांतील : नळातून वाहणारा द्रव, वायू, वाफ किंवा गाळमिश्रित द्रव यांचा प्रवाह सुरू करणे, बंद करणे, कमीजास्त करणे, उलट दिशेने जाऊ न देणे अथवा दाब मर्यादेबाहेर गेल्यास तो मोकळा करणे, यांपैकी एक किंवा अधिक कामे करणारी साधने. कारखान्यातील कामगारांच्या बोलीत झडपेला ‘वॉल’ किंवा ‘व्हॉल्व्ह’, तोटीला ‘कॉक’ व परतरोधक झडपेला ‘नॉन-रिटर्न’ म्हणतात. बाहेरून पाहता सर्वच झडपा एक कवच, एक दांडा व एक चाक किंवा मूठ अशा सारख्या दिसतात. तथापि वर सांगितलेली पाच कामे परस्परांहून भिन्न असून ती सर्व सारख्याच योग्यतेने करू शकेल अशी झडप आजवर तयार झालेली नाही. झडपेचा प्रत्येक नवा प्रकार आधीचा प्रकार एखाद्या कामी अपुरा किंवा धोक्याचा ठरल्यामुळे अस्तित्वात आला. त्यामुळे झडपांच्या विकासाचा इतिहास हाच त्यांच्या निवडीच्या नियमांचाही इतिहास आहे.

प्राचीन काळ : प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी पाकळी ही झडपेची सर्वांत साधी रचना होय. लोहाराच्या भात्यात ती कातड्याच्या तुकड्याच्या रूपात असते. भाता उघडताना हवा आत घेण्यासाठी ती उघडते आणि भाता दाबला की मिटते. ती हाताने हलवावी लागत नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकात ॲलेक्झांड्रिया येथे टिसिबियस यांनी बनविलेल्या दोन सिलिंडरांच्या पंपात याच तत्त्वाच्या झडपा होत्या. या पंपाचे वर्णन व्हिट्रूव्हिअस या रोमन वास्तुशिल्पज्ञांनी आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथाच्या दहाव्या खंडात केले आहे. आजच्या परतरोधक झडपा याच कुळातील आहेत.

दुसरी प्राचीन रचना तोटीची होय. आडवे भोक असलेला निमुळता खुंट कवचात फिरवून मार्ग उघडणारी किंवा बंद करणारी काशाची तोटी रोमन लोकांच्या पाणीपुरवठ्यात सर्रास वापरली जात असे. पाँपेई येथील अवशेषांत, तसेच कॅलिग्यूला या सम्राटाच्या काळातील व १९२९–३२ या काळात इटलीतील नेमी सरोवरातून वर आलेल्या नौकांवर अशा तोट्या सापडल्या आहेत. थंड पाण्याच्या बेताच्या दाबाला ही रचना पुरेशी होती. खुंट कवचात घट्ट बसविला तर तो फिरत नाही आणि सैल ठेवला तर गळतो, हा तिचा मूळ दोष मात्र पुढे दीड हजारांहून अधिक वर्षे कायम राहिला.

वाफेचे युग : द्येनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला वाफेच्या दाबाखाली अन्न शिजविण्याचे बंद भांडे दाखविले. भांडे फुटू नये म्हणून त्यांनी त्यावर एक छिद्र ठेवून ते तरफ व वजन यांच्या साहाय्याने दाबून धरलेल्या झाकणाने बंद केले होते. आतील दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की झाकण उचलले जाई. ही सुरक्षा झडप होय. माणसाने निर्णय घेण्याची वाट न पाहता धोक्याच्या वेळी स्वतःच कार्य करणे, हे तिचे वैशिष्ट्य होते.

टॉमस न्यूकोमेन यांचे वाफ एंजिन १७१२ मध्ये डडलीजवळील कोळशाच्या खाणीत सुरू झाले. ते मिनिटाला सुमारे बारा फेरे करीत असे आणि प्रत्येक फेऱ्यात वाफेची व पाण्याची झडप क्रमाने उघडून मिटावी लागे. या झडपा चालविण्यास ठेवलेल्या हम्फ्री पॉटर नावाच्या मुलाने त्या दोरीने तुळईला बांधून एंजिनाकडूनच चालवून घेतल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, झडप यंत्राने चालविण्याची गरज या एंजिनापासून स्पष्ट झाली. जेम्स वॉट यांनी नळात आडव्या अक्षावर फिरणाऱ्या तबकडीने वाफेचा पुरवठा कमीजास्त केला आणि १७८८ मध्ये ही तबकडी फिरत्या गोळ्यांच्या गतिनियंत्रकाला जोडली. नंतरच्या फुलपाखरी झडपेची व स्वयंचलित नियंत्रण झडपेची पूर्वपीठिका येथे सापडते. [⟶ वाफ एंजिन].

एकोणिसाव्या शतकात वाफेचा दाब वाढत गेला आणि सुरक्षा झडप हा जीवनमरणाचा प्रश्न बनला. १८०३ मध्ये ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या उच्च दाबाच्या एंजिनाचे बाष्पित्र फुटून काही माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी बाष्पित्रावर दोन सुरक्षा झडपा बसविण्यास सुरुवात केली व त्यांपैकी एक चालकाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. या दुसऱ्या झडपेचे कारण यांत्रिक नव्हते. अधिक शक्ती मिळविण्यासाठी चालक तरफेवर जादा वजन टांगतात किंवा ती बांधून टाकतात, हा अनुभव त्यामागे होता. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५५ मध्ये रेल्वे एंजिनांसाठी काढलेल्या रचनेत दोन झडपांवर एकच आडवी तरफ असून ती मधोमध एका स्प्रिंगने खाली ओढलेली असते. चालकाने तरफेचे एक टोक दाबले की दुसऱ्या झडपेवरील भार कमी होऊन ती उघडते. त्यामुळे छेडछाड करून दाब वाढविणे अशक्य झाले. झडप निवडताना ती हाताळणाऱ्या माणसाचे वर्तनही गृहीत धरले पाहिजे, हा नियम या रचनेने घालून दिला.

यानंतर कायद्याने हस्तक्षेप केला. कलकत्ता येथे १८६३ मध्ये झालेल्या बाष्पित्राच्या स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये सर्व देशासाठी भारतीय बाष्पित्र अधिनियम करण्यात आला. त्याची जागा २०२५ च्या बाष्पित्र अधिनियमाने घेतली आहे. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथील पादत्राणांच्या कारखान्यात १९०५ मध्ये बाष्पित्र फुटून ५८ माणसे दगावली. त्यामुळे निर्माण झालेल्या लोकमताच्या दडपणातून अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पित्रविषयक संहिता १९१४ मध्ये तयार झाली. सुरक्षा झडपेचे आकारमान, तिची वाफ सोडण्याची क्षमता व तिला लावावयाची मोहोर या गोष्टी अशा संहितांमुळे कारखानदाराच्या मर्जीवर राहिल्या नाहीत. [⟶ बाष्पित्र].

द्वार झडप व ग्लोब झडप : शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी मोठ्या व्यासाचे बिडाचे नळ टाकले जाऊ लागल्यावर तोटी निरुपयोगी ठरली, कारण मोठा खुंट दाबाखाली फिरविणे शक्य नव्हते. त्याऐवजी प्रवाहाला आडवी सरकणारी फळी वापरात आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी या फळीला पाचरीचा आकार देऊन तिच्या दोन्ही बाजूंना बैठका ठेवल्या. फळी खाली उतरविली की ती पाचरीसारखी दोन्ही बैठकांवर आवळून बसते आणि पूर्ण वर उचलली की मार्ग नळाइतकाच मोकळा होतो. आजची द्वार झडप मूलतः हीच आहे.

द्वार झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी आहे. ती अर्धवट उघडी ठेवल्यास फळीखालून वेगाने जाणारा प्रवाह फळीला थरथरवितो, बैठकीची कड झिजवितो आणि पुढे ती झडप पूर्ण मिटविली तरी गळत राहते. प्रवाह कमीजास्त करण्यासाठी ग्लोब झडप योग्य ठरते. पूर्वीच्या फुगीर कवचामुळे तिला हे नाव मिळाले. तिच्यात प्रवाहाला आडव्या पडद्यातील छिद्रातून वर वळावे लागते आणि तबकडी त्या छिद्रावर समोरून बसते. तबकडी व बैठक एकमेकींवर घासत नसल्याने झीज कमी होते, आणि दांड्याच्या थोड्या हालचालीने प्रवाहात प्रमाणशीर बदल होतो. १८६० च्या दशकात बॉस्टनचे नाथानिएल जेंकिन्झ यांनी बदलता येणारी मऊ तबकडी वापरात आणल्यामुळे झडप न काढता तिची दुरुस्ती करणे सोपे झाले.

या सोयीची किंमत दाबाच्या रूपाने द्यावी लागते. पूर्ण उघड्या झडपेचा विरोध तेवढ्याच व्यासाच्या किती लांबीच्या सरळ नळाइतका असतो, यावरून ही किंमत मोजतात. १०० मिमी. व्यासाच्या नळात गोलक झडपेचा विरोध सु. ०.३ मी., द्वार झडपेचा सु. ०.८ मी., फुलपाखरी झडपेचा सु. ४.५ मी., पाकळीच्या परतरोधक झडपेचा सु. १० मी. आणि ग्लोब झडपेचा सु. ३४ मी. नळाइतका भरतो. जेथे केवळ बंद-उघड करावयाचे आहे तेथे ग्लोब झडप बसविल्यास पंपाला वर्षानुवर्षे हा विरोध ओढावा लागतो. स्वस्तात मिळालेली झडप अशा रीतीने विजेच्या देयकात महाग पडते.

जलाघात : झडप किती वेगाने मिटते हाही निवडीचा निकष आहे. मॉस्को शहराच्या जलवाहिन्या फुटू लागल्या तेव्हा रशियन शास्त्रज्ञ न्यिकलाय झुकॉव्ह्‌स्की यांनी प्रयोग करून १८९८ मध्ये या घटनेचा सिद्धांत मांडला. वाहते पाणी एकाएकी अडविले तर निर्माण होणारा जादा दाब हा पाण्याची घनता, नळातील दाबतरंगाचा वेग व पाण्याच्या वेगात झालेला बदल यांच्या गुणाकाराइतका असतो. पोलादी नळात तरंगाचा वेग सेकंदाला सु. १,२०० मी. धरला, तर सेकंदाला २ मी. वेगाने वाहणारे पाणी अडविल्यावर दर चौ. सेंमी.ला सु. २४ किग्रॅ. एवढा दाब मूळ दाबात मिळविला जातो. हा तरंग नळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा झडप मिटण्यास कमी वेळ लागला, तर दाबाची ही वाढ पूर्णपणे होते. ६०० मी. लांबीच्या नळात हा वेळ केवळ एक सेकंद असतो. म्हणून लांब जलवाहिनीवर पुष्कळ आट्यांची, सावकाश मिटणारी द्वार झडप किंवा दंतचक्रपेटी जोडलेली फुलपाखरी झडप बसवितात. पाव फेऱ्यात मिटणारी झडप नुसत्या मुठीवर ठेवणे येथे धोक्याचे असते. पंप एकदम बंद पडल्यावरही असाच प्रसंग ओढवतो. पाकळीची जड परतरोधक झडप पाणी उलटे वाहू लागल्यावर आपटून मिटते. अशा ठिकाणी हलक्या तबकडीची व स्प्रिंगची झडप योग्य असते, कारण ती प्रवाह उलटण्यापूर्वीच मिटते.

विसाव्या शतकातील नवे प्रकार : रासायनिक, खनिज तेल व खाणकाम उद्योगांनी जुन्या झडपांच्या मर्यादा उघड केल्या. तोटीचा गळती व अडकणे हा दोष स्वेन नॉर्डस्ट्रॉम या स्वीडिश अभियंत्यांनी शतकाच्या आरंभीच्या दशकांत दूर केला. खुंटावरील खाचांत दाबाने वंगण भरण्याची व्यवस्था केल्यामुळे खुंट किंचित उचलला जाऊन सहज फिरतो आणि वंगणाचा थर गळतीही रोखतो. नैसर्गिक वायूच्या नळमार्गांवर या तोट्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत संपीडित हवेच्या नळांवरील झडपांच्या गळतीमुळे फार मोठी शक्ती वाया जात असे. त्यावर उपाय म्हणून पी. के. साँडर्स यांनी १९२८ च्या सुमारास पटल झडप बनविली. तिच्यात रबरी पटल वरून दाबून कवचातील उंचवट्यावर बसविले जाते. दांडा व इतर हलणारे भाग पटलाच्या वरच्या बाजूस राहत असल्याने वाहणाऱ्या पदार्थाचा त्यांना स्पर्शच होत नाही आणि दांड्याभोवती गळती होण्याचा प्रश्न उरत नाही. आतील बाजूस रबर किंवा काच यांचे अस्तर देता येते. त्यामुळे अम्ले, गाळमिश्रित द्रव आणि औषधी व खाद्य पदार्थ यांसाठी ही झडप सोयीची ठरली. मात्र पटल जेवढे तापमान व दाब सोसेल तेवढीच तिची मर्यादा असते.

गोलक झडपेची कल्पना एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. परंतु धातूच्या बैठकीवर धातूचा गोल घट्ट बसत नसल्याने ती मागे पडली. १९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीतील रॉय प्लंकेट यांना पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन (टेफ्लॉन) या प्लॅस्टिकाचा शोध लागला. बहुतेक रसायनांना दाद न देणारे व अत्यंत कमी घर्षणाचे हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब प्रकल्पातील युरेनियम हेक्साफ्ल्युओराइडाच्या नळमार्गांत वापरले गेले. १९५० च्या दशकात त्याच्या बैठका असलेली गोलक झडप बाजारात आली आणि थोड्याच काळात तिने अनेक ठिकाणी द्वार झडपेची जागा घेतली. पाव फेऱ्यात उघडझाप, मोकळा मार्ग व घट्ट बंद होणे हे तिचे गुण होत. टेफ्लॉन सु. २००° से. वर मऊ पडते, हा तिचा दोष होय. आगीत बैठक जळून गेली तर झडप बंद असूनही इंधन गळू लागेल. म्हणून ज्वालाग्राही पदार्थांसाठीच्या झडपांत मऊ बैठकीच्या मागे धातूची दुसरी कड ठेवतात व अशी झडप प्रत्यक्ष ज्वाळेत तपासून घेतात. रबरी अस्तराची फुलपाखरी झडप मोठ्या व्यासाच्या पाण्याच्या नळांवर वजनाने हलकी व स्वस्त म्हणून रूढ झाली. पुढे अक्ष मध्यापासून बाजूला सरकवून केलेल्या धातूच्या बैठकीच्या प्रकारांमुळे ती वाफ व तेल यांच्या कामीही येऊ लागली.

नियंत्रण झडपा : अमेरिकेतील मार्शलटाउन येथे एका मोठ्या आगीच्या वेळी पाण्याचा दाब कायम राखण्यासाठी पंपाची वाफझडप रात्रभर हाताने सांभाळावी लागली. या अनुभवातून विल्यम फिशर यांनी १८८० मध्ये पाण्याच्या दाबानुसार आपोआप हलणारी झडप तयार केली. पुढे हवेच्या दाबाने चालणारे पटल दांड्याला जोडून दूरवरच्या नियंत्रण कक्षातून झडप हलविता येऊ लागली.

या झडपेची निवड नळाच्या व्यासावरून न करता तिच्या प्रवाह गुणांकावरून करतात. दर चौ. सेंमी.ला सु. १ किग्रॅ. (१ बार) इतका दाब खर्ची पडत असता झडपेतून ताशी जितके घ. मी. पाणी जाते, तो तिचा गुणांक होय. प्रवाह दाबातील घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून १०० गुणांकाच्या झडपेत पाव बार दाब खर्ची पडत असल्यास ताशी ५० घ. मी. पाणी जाईल. भविष्यातील वाढीचा विचार करून गरजेपेक्षा मोठी झडप घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. अशी झडप सतत जवळजवळ मिटलेल्या स्थितीत काम करते, तिच्या बैठकीची धूप होते आणि नियंत्रण अस्थिर बनते. अरुंद मार्गात द्रवाचा वेग वाढून दाब त्याच्या बाष्पदाबाखाली गेला, तर बुडबुडे निर्माण होतात आणि पुढे दाब वाढल्यावर ते फुटून धातूचे कण उडवितात. म्हणून सुयोग्य नियंत्रण झडप बहुधा नळापेक्षा लहान व्यासाची असते.

हवेचा किंवा विजेचा पुरवठा खंडित झाल्यास झडपेने उघडावे, मिटावे की आहे तेथेच थांबावे, हेही आधीच ठरवावे लागते. भट्टीला इंधन पुरविणारी झडप अशा वेळी मिटली पाहिजे, तर तापणाऱ्या विक्रियापात्राला थंड पाणी देणारी झडप उघडली पाहिजे. स्प्रिंग पटलाच्या कोणत्या बाजूला ठेवावयाची, एवढाच यांत्रिक दृष्ट्या फरक असतो; परंतु त्यावर संपूर्ण कारखान्याची सुरक्षितता अवलंबून असते.

पदार्थ व झडपेची द्रव्ये : बीड स्वस्त व पाण्यासाठी चांगले असते, परंतु ते ठिसूळ असून आगीत तापल्यावर त्यावर पाणी पडले तर तडकते. म्हणून खनिज तेलाच्या नळमार्गांवर पोलादी झडपा वापरतात. साधे पोलाद दीर्घकाळ सु. ४२५° से. पेक्षा अधिक तापमानात ठेवता येत नाही. त्यापुढे क्रोमियम व मॉलिब्डेनम यांची मिश्रपोलादे लागतात. अमोनियासाठी पितळ व इतर तांबेयुक्त मिश्रधातू निषिद्ध आहेत, कारण ताणाखालील पितळ अमोनियाच्या संपर्कात तडकते. ॲसिटिलिनाशी तांब्याची विक्रिया होऊन स्फोटक संयुग बनते. ओल्या क्लोरिनात पोलाद गंजते व टिटॅनियम टिकते; उलट कोरड्या क्लोरिनात पोलाद चालते, पण टिटॅनियम पेट घेऊ शकते. ऑक्सिजनाच्या नळमार्गावर तेल किंवा वंगण यांचा अंशही राहता कामा नये. तेथे एका झटक्यात उघडणारी गोलक झडपही धोक्याची असते, कारण पुढील बंद नळातील वायू एकाएकी दाबला जाऊन तापतो व मऊ बैठक पेटू शकते. म्हणून उच्च दाबाच्या ऑक्सिजनासाठी सावकाश उघडणारी ग्लोब झडप पसंत करतात. बंद गोलक झडपेच्या पोकळीत द्रव क्लोरीन किंवा द्रवरूप नैसर्गिक वायू अडकून तापला तर तो प्रसरणाने कवच फोडू शकतो. यासाठी गोलकाला दाबाच्या बाजूस लहान छिद्र ठेवतात. गाळमिश्रित द्रवात द्वार झडपेची खालची खाच भरून जाऊन फळी पूर्ण खाली बसत नाही. तेथे सुरीसारख्या पात्याची किंवा पटलाची झडप घ्यावी लागते.

भारतातील परिस्थिती : नाहरकाटिया ते बरौनी हा सु. १,१५० किमी. लांबीचा अशुद्ध तेलाचा नळमार्ग १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कार्यान्वित झाला. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडल्यानंतर सागरी नळमार्ग व १९८० च्या दशकात हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वायुमार्ग यांची उभारणी झाली. अशा मार्गांत आतून नळ साफ करणारा दट्ट्या (पिग) ठराविक काळाने सोडावा लागतो. त्यामुळे येथे नळाइतकेच भोक असलेली गोलक झडप किंवा पूर्णमार्गी द्वार झडपच चालते. ग्लोब किंवा फुलपाखरी झडपेत दट्ट्या अडकून पडतो. मोठ्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर दूरनियंत्रित झडपा ठेवतात. पाणीपुरवठ्याच्या झडपांसाठी भारतीय मानकेही उपलब्ध आहेत, उदा., तांबेयुक्त मिश्रधातूंच्या झडपांसाठी आयएस ७७८ व द्वार झडपांसाठी आयएस १४८४६.

भारतीय नगरांच्या पाणीपुरवठ्यात निवडीचा एक वेगळाच प्रश्न उद्भवतो. द्वार झडप क्वचित मिटवावयाची असते, या गृहीतावर तिची रचना झाली आहे. परंतु पाणी ठराविक तासच सोडले जात असल्याने प्रत्येक विभागाची झडप चावीवाला रोज उघडतो व मिटतो. शिवाय उंच भागालाही पाणी पोचावे म्हणून सखल भागाची झडप अर्धवट उघडी ठेवली जाते. त्यामुळे दांड्याच्या आटे व बैठका लवकर झिजतात. रिकाम्या नळात रोज हवा शिरत असल्याने चढावांवर हवा सोडणाऱ्या झडपाही आवश्यक होतात. अशा ठिकाणी रोजच्या उघडझापीला व प्रवाह नियमनाला योग्य अशी झडप निवडणे हे पहिल्या खर्चापेक्षा महत्त्वाचे ठरते.

अपघात व त्यांवरून मिळालेले धडे : अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब मोकळा करणारी झडप उघडली, पण नंतर मिटली नाही. नियंत्रण कक्षातील दिव्यावरून ती मिटल्याचे कर्मचाऱ्यांना वाटले. वस्तुतः तो दिवा झडपेला मिटण्याचा संदेश गेल्याचे दर्शवीत होता. झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. सु. सव्वादोन तासांनी तिच्या मार्गातील दुसरी झडप बंद करण्यात आली, तोवर अणुभट्टीतील पाणी निघून गेले होते. या अपघातात गाभ्याचा सु. निम्मा भाग वितळला. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात याच प्रकारे झडप अडकली होती. तेथे ती चूक सु. वीस मिनिटांत लक्षात आली. मात्र त्या अनुभवाचा बोध इतरत्र वेळेवर पोचला नाही. महत्त्वाच्या झडपेच्या दांड्याची प्रत्यक्ष स्थिती दाखविणारे साधन बसविण्याचा आग्रह तेव्हापासून धरला जातो.

भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटाच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून विक्रिया भडकली व सुरक्षा झडप उघडली. पाणी नेमके कोणत्या वाटेने शिरले याबाबत वाद आहे. झडपेने मात्र ठरल्याप्रमाणे आपले काम केले व टाकी फुटू दिली नाही. परंतु त्या झडपेतून सुटलेला वायू ज्या साधनांनी निष्प्रभ व्हावयाचा ती साधने त्यास समर्थ नव्हती. वायू धुणारे यंत्र एवढ्या प्रमाणासाठी योजलेले नव्हते, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. विषारी वायू शहरावर पसरून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. सुरक्षा झडपेची निवड ती कोठे मोकळी होणार, याच्या विचारावाचून पूर्ण होत नाही, हे या दुर्घटनेने अत्यंत कठोरपणे दाखवून दिले.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढून तिच्या जागी तबकडी बसविली होती. ती पुरेशी घट्ट नव्हती. पुढच्या पाळीला याची कल्पना नसल्याने पंप सुरू करण्यात आला व वायू गळून स्फोट झाला. नंतर इतर फलाटांकडून येणारे वायूचे नळ फुटून आग भडकली व १६७ माणसे दगावली. फलाटावरील झडपेच्या अलीकडे नळ तुटला तर ती झडप मिटूनही उपयोग नसतो. म्हणून त्यानंतर समुद्रतळावरील बंदझडपांचा वापर वाढला. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर फलाटावर एक जहाज आदळून उभा नळ तुटला, पेटलेल्या वायूत फलाट नष्ट झाला व २२ माणसे मरण पावली. झडप कोणत्या प्रकारची असावी यापेक्षा ती कोठे असावी, हा प्रश्न त्या वेळी पुन्हा पुढे आला.

या अनुभवांतून बंद झडप म्हणजे पूर्णपणे तोडलेला मार्ग नव्हे, हे तत्त्व मान्य झाले आहे. माणूस टाकीत उतरणार असेल किंवा नळ उघडावयाचा असेल, तर केवळ झडपेवर विसंबून राहत नाहीत. नळाच्या सांध्यात भरीव तबकडी घालतात किंवा नळाचा तुकडाच काढून ठेवतात. धोकादायक पदार्थांच्या चालू नळमार्गात दोन बंद झडपा व त्यांमध्ये निचऱ्याची तोटी अशी योजना करतात. पहिली झडप गळू लागली तर ती गळती तोटीतून कळते.

झडपेची मागणी नोंदविताना पदार्थ, तापमान, दाब, व्यास व द्रव्य यांची नोंद बहुधा केली जाते. यांबरोबरच झडप दिवसातून किती वेळा हलणार, किती वेगाने मिटणार, ऊर्जा गेल्यास कोणत्या स्थितीत राहणार, तिची खरी स्थिती कशी कळणार, ती गळल्यास पदार्थ कोठे जाणार आणि ती दुरुस्तीस काढल्यावर तिचे काम कोण करणार, या प्रश्नांची उत्तरेही त्याच कागदावर लिहिलेली असावीत, असा आग्रह अनुभवी अभियंते धरतात. [⟶ खनिज तेल, नळ, पाणीपुरवठा].